ईश्वरविज्ञानाची शिकवणी

पहिल्या शनिवारी वर्गाला सगळ्यात आधी आल्या त्या एक बाई आणि त्यांची नववीतली मुलगी. मुलीच्या पाठीवर दप्तर, हातात पाण्याची बाटली. बाईंनी विचारलं, "मॅडम, स्टेट बोर्डाचं घेणार की सीबीएसईचं?"

मला क्षणभर काही कळेना. मग उलगडा झाला. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना गेली होती, 'दर शनिवारी सायंकाळी ईश्वरविज्ञान, प्राथमिक ओळख.' मी वाशीच्या एका ज्युनिअर कॉलेजात नोकरीभर केमिस्ट्री शिकवली, हे ग्रुपवर सगळ्यांना ठाऊक. बाईंनी त्यातलं फक्त 'विज्ञान' वाचलं होतं. मी म्हटलं, हे विज्ञान परीक्षेला येत नाही. देव कसा आहे, ख्रिस्त कोण, तारण म्हणजे काय, आपण जे मानतो ते का मानतो, यावर नीट विचार करायचा हा वर्ग आहे.

"असं होय," त्या म्हणाल्या. "ते काय, माहीतच आहे की आपल्याला." आणि मुलीला घेऊन जिना उतरून गेल्या.

हे 'माहीतच आहे' ऐकलं की माझं डोकं तडकतं. बाहेरच्यांनी म्हटलं तर एक वेळ चालेल. मी राहते त्या सोसायटीत पंचवीस वर्षं काढूनही लिफ्टमध्ये मला कुणी ना कुणी विचारतंच, "तुम्ही मूळच्या गोव्याच्या ना?" मी म्हणते, नगरच्या. "पण मराठी किती छान बोलता." मी म्हणते, घरात दुसरी भाषाच नाही. मग पुढचा प्रश्न, तुमचे देव तीन ना. त्यांच्यावर रागावून काय करणार? त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. पण दर रविवारी उभं राहून विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो त्याची कबुली, म्हणणाऱ्या आमच्याच माणसांना तो काय आहे हे विचारलं, तर तीही लिफ्टमधल्या शेजाऱ्यांसारखीच माझ्याकडे बघतात.

आमची मंडळी मराठी बोलणाऱ्यांची. स्वतःचं चर्च नाही. खारघरला एका कमर्शिअल कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर भाड्याचा हॉल आहे. खाली जेन्ट्स सलून, शेजारी अबॅकसचे क्लास. निवृत्तीनंतर मी पोस्टाने ईश्वरविज्ञानाचा अभ्यासक्रम पुरा केला होता. आमचे पाळक, म्हणजे पास्टर, तरुण आहेत, दोन मंडळ्या सांभाळतात आणि सतत कुणाच्या तरी घरी धावत असतात. ते म्हणाले, मला जमत नाही, तुम्ही घ्या हा वर्ग.

मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळाच्या बैठकीत चिटणीसांनी विचारलं, "पण याने फायदा काय?"

चिटणीस म्हणजे सरकारी ऑफिसातून निवृत्त झालेले गृहस्थ. मंडळीचा डोलारा त्यांच्यावर उभा आहे हे मी मान्य करते. माइक, खुर्च्या, हॉलची किल्ली, लग्नं, दफनं, सगळं तेच बघतात. पण प्रत्येक गोष्टीत फायदा शोधायची त्यांची सवय जात नाही. मी म्हटलं, आपल्याकडे लोकांना आपला विश्वास समजावून सांगता येत नाही. ते म्हणाले, "मॅडम, विश्वास समजायचा नसतो, ठेवायचा असतो. डोकं लावायला लागलं की माणूस थंड पडतो. तरी घ्या. हॉल रिकामाच असतो शनिवारी." आणि दर शनिवारी शेवटच्या रांगेत येऊन बसायला लागले. मला वाटतं, मी कुणाला थंड तर पाडत नाही ना, यावर लक्ष ठेवायला.

पहिले काही वर्ग त्रैक्यावर गेले. जावेच लागतात. देव एक, आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा ही त्याची तीन सोंगं नव्हेत. मी हे वाक्य पुरं करायच्या आत कुणीतरी हात वर करायचंच. "मॅडम, सोपं आहे. पाणी, बर्फ आणि वाफ." वर, तुम्ही तर केमिस्ट्रीच्या, असं कौतुकाने म्हणायचं.

मी सांगायची, ते उदाहरण चुकीचं आहे. तेच पाणी गोठलं की बर्फ होतं, तापलं की वाफ होतं. देव तसा कपडे बदलत असेल, तर अटक होण्याआधीच्या रात्री बागेत ख्रिस्त तळमळून प्रार्थना करत होता ती कुणाजवळ? स्वतःजवळच? मग ते नाटक झालं. वधस्तंभावर त्याने हाक मारली ती कुणाला? आणि देव जग निर्माण करण्याआधी एकटाच होता, की त्याच्यात आधीपासून प्रेम होतं, देणारं आणि घेणारं? देव प्रेम आहे असं आपण भिंतीवर लिहितो. प्रेमाला दुसरं कुणीतरी लागतं. मला वाटलं, झालं एकदाचं. पुढच्या शनिवारी एका काकांनी सफरचंद आणलं. साल, गर आणि बी.

त्या वर्गात एकच जोडपं होतं जे उदाहरणं देत नसे. तो पावणे एमआयडीसीत रबरी वस्तूंच्या एका छोट्या कारखान्यात सुपरवायझर, मूळचा जालन्याकडचा. कामावरून थेट यायचा, अंगाला रबराचा जळका वास असायचा. ती बालवाडीत शिकवायची आणि तेव्हा तिला सातवा महिना लागत होता. ती फार बोलत नसे, पण तिच्या चेहऱ्यावर कळल्याचं आणि न कळल्याचं दोन्ही स्पष्ट दिसायचं. शिकवणाऱ्या माणसाला असा एक चेहरा पुरतो.

मग एका आठवड्यात दोघं आली नाहीत. रविवारी पाळकांनी सांगितलं की बाळ पोटातच गेलं.

मुलगा होता. तिला हॉस्पिटलमधून सोडण्याआधीच त्याचं दफन करावं लागलं. आपल्याकडे दफनासाठी जागा मिळवणं म्हणजे काय दिव्य आहे, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. ते चिटणीसांनी केलं. दिवसभर फोन करत, इकडून तिकडे फिरत त्यांनी जागा मिळवली. कबरेपाशी बाप, पाळक आणि चिटणीस एवढे तिघंच होते.

हे सगळं इथपर्यंत दुःख होतं. मला संताप आला तो त्यानंतरच्या गोष्टीचा. दोन-तीन आठवड्यांनी त्यांच्या घरी प्रार्थनासभा ठेवली होती. कुणाच्या तरी ओळखीचा एक बाहेरगावचा उपदेशक आला. मी गेले नव्हते, आमच्या महिला मंडळातल्या एकीने मला नंतर सांगितलं. त्याने डोळे मिटून, खोलीत हात फिरवून म्हटलं की या घरात कबूल न केलेलं काहीतरी आहे. ते बाहेर आलं नाही तर पुढचंही टिकणार नाही. तिने उपास करावेत आणि स्वतःला तपासावं.

"आणि तुम्ही सगळ्या काय करत होतात?" मी विचारलं.

"आम्ही काय करणार? आमेन म्हटलं."

त्यानंतर ती उपासनेला यायची बंद झाली. नवरा एकटा यायचा आणि प्रभुभोजनाच्या वेळी, सगळे भाकर आणि द्राक्षारस घेत असताना, मान खाली घालून बसून राहायचा. मी पाळकांना गाठलं. ते म्हणाले, मी दोनदा जाऊन आलो, ती दार उघडते, चहा करते, बोलत काही नाही. चिटणीसांनी त्यातही भर घातली. "उपास केला तर बिघडतं काय? मनाला बरंच वाटेल."

मी चिटणीसांना तिथल्या तिथे सुनावलं. म्हटलं, तुम्ही विचारत होता ना, या वर्गाचा फायदा काय. हा बघा. ज्याला ईश्वरविज्ञान नको असतं, त्याच्याकडेही ते असतंच. फक्त त्याने ते कधी तपासलेलं नसतं. तो उपदेशक त्या घरात जाऊन देव कसा आहे हेच शिकवून आला. देव हिशोब ठेवतो, बाईची चूक बाळावर काढतो, आणि कारण न सांगता शिक्षा देतो. आणि आपली माणसं त्याला आमेन म्हणाली, कारण दुसरं काही त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं.

चिटणीस म्हणाले, "तुम्ही फार चिडता, मॅडम." ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या घरी गेले. खारघरलाच, टेकडीकडच्या बाजूला, सातव्या मजल्यावर. तिने चहा ठेवला. मी मनाशी सगळं जुळवून गेले होते. बसल्यावर सरळ म्हटलं, "त्या माणसाने जे सांगितलं ते खोटं आहे. आपल्या पवित्र शास्त्रात जन्मापासून आंधळ्या असलेल्या माणसाबद्दल शिष्य हेच विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं. ख्रिस्त म्हणतो, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. तुझं काही चुकलेलं नाही."

मला वाटलं होतं की ती रडेल, हलकी होईल. तिने माझ्याकडे बघितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत राग होता.

"मग का झालं?" ती म्हणाली. "माझं चुकलं असेल तर निदान एक कारण तरी आहे, मॅडम. मी रोज शोधतेय. दवाखान्यात उशीर केला का, सासूबाईंशी भांडले होते ते का. तुम्ही म्हणता काहीच नाही. मग माझ्याकडे काय उरलं?"

एवढ्या वर्षांत कुणी मला इतका अवघड प्रश्न विचारला नव्हता. मी जे नेलं होतं ते तिच्या हातातली काठी काढून घेण्यासारखं होतं, आणि तिच्या जागी द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं. तरी शिक्षकाची खोड जात नाही. मी म्हटलं, "आपण मानतो तो देव लांब बसून बघणारा नाही. तो माणूस होऊन आपल्यात आला. त्याचाही मुलगा मेला आहे. तुझं दुःख त्याला ऐकून माहीत नाही, सोसून माहीत आहे."

"पण त्याचा तिसऱ्या दिवशी उठला," ती म्हणाली.

माझ्या अभ्यासक्रमात पुनरुत्थानावर, मेलेल्यांतून उठण्यावर, एक अख्खा भाग होता, त्यावर मला चांगले गुणही मिळाले होते. त्यातलं एकही वाक्य त्या खोलीत उच्चारण्यासारखं नव्हतं. मला स्वतःचा राग आला, उपदेशकाचा तर होताच, आणि खरं सांगायचं तर देवाचाही आला. इतकं सगळं आम्हाला सांगून ठेवलं आणि नेमकं एवढंच का नाही सांगितलं?

चहा गार झाला. तिने तो पुन्हा गरम करून आणला. मग मी तिला, समजावण्याचा आव न आणता, शास्त्रातल्या त्या माणसाची गोष्ट सांगितली ज्याची गुरंढोरं, मुलंबाळं, सगळं एकामागून एक जातं आणि तो राखेत बसतो. मित्र येतात आणि म्हणतात, तू काहीतरी केलं असशील, देव अन्यायी नाही. तो ऐकून घेत नाही. तो देवालाच समोर बोलावतो, जाब विचारतो. शेवटी देव बोलतो, पण कारण सांगत नाही. एकच गोष्ट स्पष्ट सांगतो, की देवाची बाजू घेणारे ते मित्र चुकीचं बोलले आणि भांडणारा बरोबर बोलला.

"म्हणजे भांडायला परवानगी आहे?" तिने विचारलं.

"आपल्याकडे ती रीतच आहे. आपण ती पानं वाचत नाही, एवढंच."

तिने कप उचलून ठेवले. मग म्हणाली, "आम्ही त्याचं नाव ठरवलं होतं. ते कुणी घेतच नाही. मंडळीत एकदा त्याच्या नावाने उपासना होईल का?"

मी म्हटलं, का नाही होणार. मला आमच्या वडीलमंडळाचा अंदाज असायला हवा होता.

बैठकीत चिटणीसांनी नियम काढला. "बाप्तिस्मा झालेला नाही. नाव बाप्तिस्म्याच्या वेळी देतात. झालाच नाही तर नाव कसं घ्यायचं? आणि ते देवाजवळ आहे असं कुठल्या आधाराने म्हणायचं? दुःख आहे हे मला कळतं, मॅडम. त्या बाळाला मी माझ्या हातांनी ठेवलं आहे. पण नियम तो नियम." आणखी दोघांनी माना डोलावल्या. पाळक माझ्याकडे बघू लागले. मी त्यांच्याकडे बघत होते, कारण पाळक ते होते. शेवटी त्यांनी सुचवलं की निर्णयाआधी हा विषय शनिवारच्या वर्गात घ्यावा.

त्या शनिवारी हॉल भरला. नवरा आला होता, ती आली नव्हती. पहिल्यांदाच कुणी फळ आणलं नाही, कुणी पाण्याचं उदाहरण दिलं नाही. मी विचारलं, "आपण दर रविवारी म्हणतो की तारण कृपेने होतं, कर्माने नाही. कृपा म्हणजे काय?"

कुणीतरी म्हणालं, आपली लायकी नसताना मिळतं ते.

"ज्या बाळाला काहीच करता आलं नाही, श्वाससुद्धा घेता आला नाही, त्याच्याइतकं कृपेवर अवलंबून कोण असेल? आणि आपण म्हणतो की ते कृपेच्या बाहेर, कारण त्याच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं नाही. मग आपलं तारण कृपेने झालं की पाण्याने?"

चिटणीस शेवटच्या रांगेतून उभे राहिले. "मग बाप्तिस्मा कशाला करायचा? उद्या प्रत्येक जण म्हणेल, नको."

वर्ग सुरू झाल्यापासून कुणी विचारलेला हा सर्वांत चांगला प्रश्न होता, आणि तो त्यांनीच विचारावा याचा मला थोडा वैतागही आला. मी म्हटलं, बाप्तिस्मा ही देवाने आपल्याला दिलेली खूण आहे. ती आपण पाळायची. आपण तिला बांधलेले आहोत, देव बांधलेला नाही. पाणी पडल्यावर देव प्रेम करायला सुरुवात करतो असं नाही. तो आधीपासून करतो, म्हणून आपण पाण्यापाशी जातो.

"हे तुम्ही म्हणता."

"मी म्हणत नाही. मुलांना माझ्याजवळ येऊ द्या असं म्हणणारा कोण होता? त्याने त्या मुलांचे बाप्तिस्म्याचे दाखले तपासले होते का?"

कुणी हसलं नाही. वाद तासभर चालला. एका आजींनी, ज्या आजवर वर्गात एक शब्द बोलल्या नव्हत्या, खाली बघत सांगितलं की त्यांचंही एक असंच गेलं होतं, गावी, लग्नानंतर लगेच, आणि त्या बाळाचं नाव त्यांनी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. नवरा भिंतीला टेकून उभा होता. पाळकांनी शेवटी म्हटलं, उपासना होईल, आणि नाव घेऊनच होईल. ते इतक्या ठामपणे बोलल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

चिटणीस म्हणाले, "माझा विरोध नोंदवून ठेवा." मग किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन म्हणाले, "किती जण येतील ते सांगा, त्याप्रमाणे खुर्च्या लावतो."

उपासना पुढच्या शनिवारी दुपारी झाली. शेजारच्या अबॅकसवाल्यांना चिटणीसांनीच जाऊन सांगितलं होतं, थोडं दार लावून घ्या. ती आली. साधी पांढरी साडी, अंगाने खूप उतरलेली. पाळकांनी बाळाचं नाव घेतलं तेव्हा नवरा ओंजळीत तोंड लपवून रडला. ती रडली नाही. तिने माइक मागितला आणि प्रार्थना केली. म्हणाली, "प्रभू, तू मला काही सांगितलेलं नाहीस. मी तुझ्यावर रागावलेली आहे. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ते तुझी बाजू घेतात, म्हणून तुलाच सांगते."

यावर आमेन म्हणायचं की नाही, हे कुणाला कळेना. पाळक जरा उशिराने आमेन म्हणाले.

चहाच्या वेळी चिटणीस माझ्यापाशी आले. "देवाशी असं बोलतात का, मॅडम? सगळ्यांसमोर?"

"शास्त्रात पानंच्या पानं आहेत अशी."

"कुठे? दाखवा."

मी बायबल उघडून देवाला जाब विचारणारी स्तोत्रं दाखवली. त्यांनी चष्मा लावला, चहाचा कप खुर्चीवर ठेवला आणि उभ्याउभ्याच वाचत राहिले. एक स्तोत्र संपल्यावर त्यांनी दुसरं काढलं. मग म्हणाले, "हे आपण उपासनेत कधी वाचत नाही."

"मी दुसरं काय सांगतेय इतके दिवस?"

त्यांना पटलं असं मी म्हणणार नाही. पुढच्याच बैठकीत त्यांनी बाप्तिस्म्याचे नियम लेखी करावेत असा ठराव आणला, आणि त्यावर आम्ही पुन्हा भांडलो. बाहेरच्या उपदेशकांना पाळकांना विचारल्याशिवाय घरोघर न्यायचं नाही, हा माझा ठराव मात्र त्यांनी एका शब्दानेही न अडवता मंजूर होऊ दिला.

वर्ग चालू आहे. गर्दी ओसरली, सफरचंदवाले काका परत आले. ती दर शनिवारी येते, नवऱ्याची शिफ्ट असली तर एकटी, आणि आता गप्प बसत नाही. माझं एकही वाक्य सरळ पुढे जाऊ देत नाही. देव सर्वसमर्थ आहे म्हटलं की मला थांबवते. त्याची इच्छा म्हटलं की विचारते, कुठली गोष्ट त्याची इच्छा आणि कुठली नाही, हे तुम्हाला कसं कळतं. प्रभुभोजन ती घ्यायला लागली आहे. मी कारण विचारलं नाही.

परवा पुनरुत्थानाचा धडा होता. मी तिच्याकडे न बघता घाईघाईने शिकवत होते. तिने हात वर केला. "शेवटच्या दिवशी सगळे शरीराने उठणार. मग माझा मुलगा उठेल तेव्हा केवढा असेल? तेवढाच, की मोठा झालेला?"

मी म्हटलं, यावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं आहे, पण खरं सांगायचं तर मला माहीत नाही.

"मग शोधा ना, मॅडम," ती जराशी वैतागून म्हणाली. "तुम्ही शिकवता ना?"

सध्या मी तेच करते आहे. टेबलावर पुस्तकं पसरली आहेत, घरात जेवायला जागा उरलेली नाही, आणि एकही लेखक सरळ उत्तर देत नाही.